पिवळ्या पडद्याचा सूड

त्या दिवशी ऊन असं लख्ख पडलं होतं की समोरच्या इमारतीच्या गच्चीवरचं पाण्याचं टाकं डोळ्यांना खुपत होतं. आभाळात औषधालासुद्धा ढग नव्हता. वारा पडलेला. दुपार कलली आणि सूर्य बरोब्बर माझ्या खिडकीसमोर येऊन उभा राहिला. मी मनात म्हटलं, ये बाबा, तुझीच वाट बघत होतो. आज माझं एक काम करून दे.

मी एक पडदा बोलतोय. पिवळा पडदा. आज मला बघाल तर पिवळा म्हणणार नाही, पडदा तर नाहीच नाही. पण त्या दिवशी मी दोन्ही होतो.

मला अक्षर येत नाही. खिडकीला टांगलेल्याला शाळेत कोण घालणार? जे कानावर पडलं आणि जे डोळ्यांसमोर घडलं तेवढंच सांगतो. सावकाश सांगतो, कारण घाई मला कधी जमली नाही. आणि ज्याला कुणाचा तरी हिशोब चुकता करायचाय त्याने घाई करूही नये. लटकून राहावं. वेळ आपल्या पायांनी चालत येते.

माझा जन्म एका गिरणीत झाला. तिथल्या आवाजाशिवाय मला त्या दिवसांचं काही आठवत नाही. मग रंगाऱ्याने मला हौदात बुडवलं, उकळत्या पाण्यातून काढलं, आणि मी असा पिवळाधमक होऊन बाहेर आलो की दुकानदार मला ताग्यांच्या ढिगात सगळ्यांत वर ठेवायचा. त्याचं म्हणणं, गिऱ्हाईक मला बघून आत येतं आणि दुसराच काहीतरी रंग घेऊन जातं. मला त्याचं वाईट वाटायचं. पण मग एक दिवस थोरल्या बाई आल्या.

थोरल्या बाई तेव्हा थोरल्या नव्हत्या. नुकतं घर घेतलेलं, कडेवर लेक. त्यांनी दुसऱ्या कुठल्या ताग्याला हातसुद्धा लावला नाही. "हाच द्या," म्हणाल्या. "घरात शिरल्या शिरल्या माणसाला बरं वाटलं पाहिजे."

घरी नेऊन त्यांनी स्वतःच्या मशीनवर मला शिवलं. एकाच ताग्यातून आम्ही दोघं कापलो गेलो, मी डावा आणि माझा भाऊ उजवा. पडदे नेहमी जोडीनेच जन्माला येतात. दोघांना मागून जाडं पांढरं अस्तर लावलं, वर चुण्या घातल्या, आणि पुढच्या खोलीच्या मोठ्या खिडकीला आम्हाला लावलं. सकाळी आम्हाला दोन बाजूंना सारायचे, संध्याकाळी एकत्र आणायचे. दिवसभर एकमेकांकडे बघायचं आणि संध्याकाळी गळ्यात गळा घालायचा, असा आमचा संसार.

वर्षं गेली. बाईंचा लेक आमच्या मागे लपून लपून मोठा झाला, लिफ्ट दुरुस्त करायला लागला. बाईंचे गुडघे गेले, मग डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. आमचं मात्र बरं चाललं होतं. आणि मग सूनबाई आली.

सूनबाईला नोकरी होती फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायची. दिवसभर कानाला यंत्र लावून ती गोड आवाजात म्हणायची, "तुमचा त्रास आम्ही समजू शकतो." असं दिवसभर बोलून घरी आलेल्या माणसाच्या जिभेवर संध्याकाळी काय उरणार? जे उरायचं ते आमच्या वाट्याला यायचं.

"आई, लोक खालून विचारतात, तुमच्या खिडकीत शाळेची बस उभी आहे का?"

"असू दे गं. घरात उजेड वाटतो."

"उजेड नाही वाटत. घराला ताप आल्यासारखा वाटतो."

थोरल्या बाई हसल्या. त्यांचं चुकलं ते तिथेच. एकदा हसल्यावर माणसाला विरोध करता येत नाही. थोड्याच दिवसांत एका खोक्यातून राखाडी रंगाचे पडदे आले. बघाल तर वाटेल घरात कायमचा पावसाळा लागलाय. आम्हाला खाली काढलं.

मला काढलं याचा राग मी गिळला असता. म्हातारपणी कुणालाही मागच्या खोलीत जावं लागतं. पण तिने माझ्या भावाला माझ्या देखत जेवणाच्या टेबलावर आडवं घातलं आणि कात्री चालवली. का, तर "यांना कामावर हात पुसायला फडकी लागतात." लिफ्टचं ग्रीस पुसायला माझा भाऊ! चौकोनी तुकडे केले त्याचे, आणि ते हत्यारांच्या पिशवीत कोंबले. पुढे एकदा त्या पिशवीतून त्याचा एक तुकडा डोकावला. काळा, तेलकट. बाईंच्या हाताची शिवण कडेला होती म्हणून मी ओळखला.

त्या दिवशी मी ठरवलं. काय करायचं ते ठरलं नव्हतं. पडद्याला काय करता येतं? तो दारामागे दबा धरू शकत नाही, कुणाच्या पायात घुटमळू शकत नाही. तो नुसता असतो. पण ठरवलं होतं.

मीही कात्रीखाली गेलोच असतो. पण सूनबाईला दिवस गेले होते, दुपारी तिला आतल्या खोलीत पडायला लागायचं, आणि त्या खोलीची खिडकी पश्चिमेची. म्हणून मला खालून कापून आखूड केलं आणि तिथे एकट्याला टांगलं. "नवीन मिळेपर्यंत राहू दे हे ध्यान," असं म्हणाली. ध्यान! बरं.

मग बाळ आलं. मुलगा. त्याला सगळे बबडू म्हणायचे. चांगलं होतं पोरगं, मी खोटं बोलणार नाही. माझ्याकडे टक लावून बघायचं. त्या घरात बऱ्याच दिवसांनी माझ्याकडे कुणीतरी बघत होतं.

बाळाबरोबर घरात आणखी एक गोष्ट शिरली. फोन आधीही होताच, पण आता तो सूनबाईच्या तळहाताला चिकटूनच बसला. बाळ शिंकलं की फोन. बाळाने जांभई दिली की फोन. ती शोधायची आणि अर्धवट आवाजात वाचायची, त्यामुळे अक्षर न येताही माझं सगळं शिक्षण झालं. बाळ जास्त झोपत असेल तर काळजी करा, असं तिथे लिहिलेलं असायचं. कमी झोपत असेल तर त्याहून जास्त करा. मला वाटायचं, ज्याने हे लिहिलंय त्याने बाळ कधी बघितलंय की नाही?

एक दिवस ती नाक वर करून माझ्याजवळ आली, मला उलटं केलं आणि हुंगलं. "आई, याच्या अस्तराला कुबट वास येतोय."

"जुनं आहे गं. धुऊन टाकू."

"धुऊन नाही जात. बुरशी असते यात. इथे लिहिलंय, बाळाच्या छातीत जाते." आणि तिने कात्रीच्या टोकाने माझं अस्तर उसवलं. ज्या टाक्यांनी मला इतकी वर्षं धरून ठेवलं ते टचाटच तुटले. अस्तर कचऱ्यात गेलं. मी उघडा, पातळ, हाडं दिसावीत तसा पुन्हा दांडीवर चढलो.

मला तेव्हा रडू आलं होतं. दुसऱ्याच दिवशी ऊन आलं.

आता तुम्हाला सुरुवातीचा तो दिवस कळेल. इतकी वर्षं सूर्य माझ्या पाठीवर आपटून परत जायचा, कारण पाठीला अस्तर होतं. त्या दुपारी तो आला आणि माझ्यातून थेट आरपार गेला. माझा रंग त्याने खांद्यावर घेतला आणि खोलीभर सांडला. भिंत पिवळी, चादर पिवळी, पलंगाची दांडी पिवळी, आणि मधोमध उघड्या अंगाने पाय झाडत पडलेलं बाळ लिंबासारखं पिवळं!

माणसाचा डोळा फार लबाड. सगळीच खोली पिवळी झाली की थोड्या वेळाने त्याला ती नेहमीचीच वाटायला लागते. सूनबाईलाही खोली नेहमीचीच वाटली. तिने बाळाचा हसरा फोटो काढला, आणि तो बघता बघता तिचं तोंड उतरलं. दवाखान्यातून घरी येतानाचा फोटो तिने शेजारी धरला. तो गुलाबी. हा पिवळा. आणि एकदा शंका शिरल्यावर नुसत्या डोळ्यांनाही तिला पोर पिवळंच दिसायला लागलं.

ती घाईघाईने फोनवर शोधायला लागली, ते मी पाहिलं. आणि भावाची शपथ सांगतो, मला इतकं बरं वाटलं! मला काहीही करावं लागलं नव्हतं. मी नुसता होतो, जिथे तिने टांगलं होतं तिथे, जसा तिने करून ठेवला होता तसा.

त्या दिवसापासून रोज दुपारी तिचा फोन आणि मी, आम्ही दोघांनी मिळून तिला कामाला लावलं. मी बाळ पिवळं करायचं आणि त्याने त्याची कारणं सांगायची. कावीळ. यकृत. रक्त. पित्ताच्या नळ्या. एक कारण उघडलं की त्यातून आणखी चार निघायची, आणि ती सगळी वाचायची. बाळाच्या डोळ्यांच्या पापण्या ताणून बघायची, तळपाय दाबून बघायची. बाळाला वाटायचं आई खेळतेय. ते खिदळायचं.

संध्याकाळी नवरा घरी आला की ती बाळाला घेऊन दारातच उभी.

"बघा ना. पिवळा नाही वाटत?"

पुढच्या खोलीत पांढऱ्या ट्यूबलाइटखाली बाळ आपलं जसं होतं तसं. "कुठे? टोमॅटोसारखा लालबुंद आहे की."

"आत्ता नाही दिसणार. दुपारी चढतं, संध्याकाळी उतरतं."

"चढतं-उतरतं? बाळ आहे की माझी लिफ्ट?"

"तुम्ही सगळं हसण्यावारी न्या. हा फोटो बघा."

त्याने बघितला. "फोनच तसा असेल गं."

"आणि दवाखान्यातला फोटो कशाने काढला होता? याच फोनने ना? तेव्हा बरा गुलाबी आला!"

तो आईकडे वळला. थोरल्या बाई म्हणाल्या, "मला नको रे विचारूस. मोतीबिंदू झाल्यापासून मला तूसुद्धा पिवळाच दिसतोस."

रविवारी नवरा दुपारभर घरी होता, तर नेमकं आभाळ भरून आलं. माझा नाइलाज झाला. बाळ गुलाबी. "बघ," तो म्हणाला, "आज काही नाही." सोमवारी ऊन आलं आणि बाळ पुन्हा पिवळं झालं. तेव्हा ती पलंगाच्या कडेला बसून म्हणाली, "माझ्या एकटीसमोरच असं का होतं रे तुला?" तिचा आवाज ऐकून क्षणभर माझं मन द्रवलं. मग मला टेबलावरची ती कात्री आठवली.

ती बाळाला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेली. तिथे काय झालं ते मी तिने नवऱ्याला सांगताना ऐकलं. डॉक्टरीणबाईंनी बाळाला खिडकीपाशी नेलं, नाकाच्या शेंड्यावर बोट दाबून बघितलं, डोळे बघितले, टाचेतून थेंबभर रक्त घेऊन तपासलं. सगळं ठीक. "आणलंत ते उत्तम केलंत," त्या म्हणाल्या. "दूध पाजत राहा. बाळ छान आहे." ती हसत घरी आली, बाळाला आतल्या खोलीत ठेवलं, आणि मी माझं काम केलं.

तुम्ही म्हणाल, किती दुष्ट! असेन. पण मला सांगा, मी कुणाला खोटं बोललो?

ती दुसऱ्यांदा गेली. या वेळी डॉक्टरीणबाईंनी बाळाला तपासून झाल्यावर तिच्याकडे बघितलं आणि विचारलं, "तुम्हाला झोप मिळते का?" मायेने विचारलं असेल. पण घरी येऊन ती नवऱ्याला म्हणाली, "त्यांना वाटतं मला वेड लागलंय. तुम्हालाही तसंच वाटतं. बोला ना, वाटतं ना?" नवऱ्याने "नाही गं" म्हणायला जरा उशीर केला. तेवढ्याशा उशिराने तिला सगळं सांगितलं.

दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकणारी ती. आता तिची तक्रार ऐकायला कुणी नव्हतं. मग ती फोनमधल्या बायकांकडे गेली. तिथे आयांची एक मंडळी होती, एकमेकींना न बघितलेल्या. त्यात एक स्वतःला 'तीन मुलांची आई' म्हणवायची. सूनबाई तिचं उत्तर माझ्यासमोर बसून मोठ्याने वाचत होती. "तुझं दूधच त्याला बाधतंय. माझ्या मधल्याला असंच झालं होतं. अंगावरचं दूध आजपासून बंद कर, डब्याचं चालू कर. डॉक्टर लोक हे सांगत नाहीत."

"डॉक्टरीणबाईंनी पाजत राहा म्हणून सांगितलंय ना?" थोरल्या बाई दारातून म्हणाल्या.

"त्यांना घरी येऊन बघायला सांगा मग, दुपारी."

त्या दिवसापासून बाळाचं दूध तुटलं.

डब्याची पावडर आली, बाटली आली. बबडूने बाटलीचं निपल तोंडात घेतलं आणि असा चेहरा केला की जणू त्याला कुणी शिवी दिली. त्याने मान फिरवली. मग रडायला लागला. दोन घोट घ्यायचा, पुन्हा रडायचा. आईच्या पदराकडे तोंड न्यायचा आणि ती त्याला दूर धरायची, स्वतःही रडत. तिच्या अंगावर दूध दाटून दगडासारखं झालं होतं. दुखायचं. मग ती न्हाणीघरात जाऊन यंत्राने ते काढायची आणि तिथेच ओतून टाकायची. बाहेर यायची तेव्हा तिचे डोळे लाल आणि खोलीत हंबरडा फोडणारं पोर.

खरं सांगतो, बाळाशी माझं भांडण नव्हतं. पोर भुकेने कळवळायला लागलं तेव्हा मला वाटलं, आता पुरे. पण मी पडदा. मला स्वतःच्या मनाने बाजूला सरता येत नाही. सूर्य आला की मी तो गाळणार, आणि जो रंग माझ्याकडे आहे तोच सांडणार. एकदा खिडकीच्या फटीतून झुळूक आली आणि माझं टोक उचललं गेलं. पांढरंशुभ्र ऊन पट्टीसारखं आत आलं आणि बाळाच्या एका पायावर पडलं. एक पाय गुलाबी, बाकी सगळं बाळ पिवळं. तिने नुसती मान वर केली असती तर तिथेच सगळं मिटलं असतं. पण ती तेव्हा फोनमध्ये पायांचा पिवळेपणा वाचत होती. झुळूक गेली. मी खाली आलो. आणि माझी दया पण त्या झुळुकीबरोबर गेली. म्हटलं, बाई, मी तुला संधी दिली होती.

असे दोन-तीन दिवस गेले. तिचं दूध कमी व्हायला लागलं. यंत्र लावलं तरी पूर्वीइतकं येईना. थोरल्या बाई म्हणाल्या, "असंच चालू ठेवलंस तर आटून जाईल गं सगळं. मग हवं म्हटलं तरी यायचं नाही." ती म्हणाली, "आटू दे. निदान पोर तरी पिवळं राहणार नाही." हे म्हणताना तिने ओठ असा दाबला की तो पांढरा पडला. पिवळा म्हणायला हवा, पण काय म्हणायचं ते तुम्हाला कळलं.

त्या दुपारी बाळ रडून रडून दमलं आणि आतल्या खोलीत झोपलं. ते पुन्हा जागं होईल या भीतीने ती न्हाणीघरात गेली नाही. माझ्याखालीच जमिनीवर बसून तिने यंत्र लावलं. बाटली जेमतेम तळाला भरली. तिने ती डोळ्यांसमोर धरली.

दूध पिवळं होतं.

"आई! आई, इकडे या. हे बघा, दूधच पिवळं आहे! ती बाई खरं सांगत होती." तिला धक्का बसला होता आणि त्याच वेळी सुटल्यासारखंही झालं होतं. शेवटी तिला वेड लागलेलं नव्हतं. माझ्या सगळ्या धाग्यांतून आनंद फिरला. हा खरा घाव होता. आता ती स्वतःच्या हाताने स्वतःचं दूध कायमचं बंद करणार होती. माझ्या भावाचे तुकडे केले होते ना तिने, एका दुपारी, टेबलावर? आता ही दुपार माझी होती.

ती उठली. ते विष बघवेना म्हणून तडक स्वयंपाकघरात ओतून टाकायला निघाली. बाटली तिने नळाखाली तिरकी केली. आणि थांबली.

स्वयंपाकघराची खिडकी सावलीच्या बाजूची, तिला पडदा नाही. मला दारातून तिची पाठ दिसत होती. मग बाटली सरळ करून ती परत आली. दारात आली, एक पाऊल आत टाकलं, बाटलीकडे बघितलं. पाऊल मागे घेतलं, बघितलं. पुन्हा आत. पुन्हा बाहेर. थोरल्या बाई भिंत धरत धरत आल्या.

"काय नाचतेस अशी?"

"आई, हे पांढरं आहे ना? आता इथे?"

"मला काय गं दिसतंय—"

"आणि इथे?"

ती आत आली. स्वतःचा हात उलटा केला, सुलटा केला. बाळावरची चादर बोटांत धरली. ती चादर तिने स्वतः पांढरी बघून आणली होती. मग तिने मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. या घरात आल्यापासून तिने मला असं पहिल्यांदाच नीट बघितलं.

पळून जायची सोय असती तर गेलो असतो.

तिने मला दोन्ही हातांनी धरून असा हिसका दिला की दांडी, कड्या, भिंतीतला चुना, सगळं खाली आलं. पांढरं ऊन खोलीत कोसळलं. बाळ दचकून जागं झालं आणि भोकाड पसरलं, गुलाबी, गुबगुबीत, तोंड एवढं मोठं उघडून. तिने त्याला उचललं, तिथेच माझ्या ढिगावर बसली आणि पदराखाली घेतलं. बाळ असं तुटून पडलं की त्याला श्वास घ्यायचंही भान नव्हतं. ती हसत होती आणि रडत होती. शेजारी फोन वाजत होता, तीन मुलांच्या आईचं काहीतरी आलं होतं. सूनबाईने तो पायाने पलंगाखाली सारला.

"पडदा!" ती थोरल्या बाईंना म्हणाली. "आई, तुमचा तो पडदा!"

"मी तेव्हा अस्तर लावलं होतं," थोरल्या बाई एवढंच म्हणाल्या.

संध्याकाळी नवऱ्याला कळलं तेव्हा तो पोट धरून हसला. "म्हणजे बाळ ठणठणीत, पडद्याला कावीळ!"

"हसा. तुम्ही एक दुपार, उन्हाची एक दुपार माझ्यासोबत त्या खोलीत येऊन बसला असता तर तुम्हाला तेव्हाच दिसलं असतं."

त्याचं हसू तिथेच विझलं. मी जमिनीवर पडल्या पडल्या ते बघितलं. तेवढाच माझ्या पदरात पडलेला शेवटचा आनंद.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तसं ती बाळाला वारंवार पाजत राहिली आणि दूध पुन्हा वाढलं. माझं काय झालं ते सांगायला नको. जेवणाचं टेबल आणि तीच कात्री. मी लादी पुसायचा पोछा झालो. फिनेलच्या पाण्यात पिळून पिळून माझा रंग गेला, आता मी कुठलाच रंग नाही. ती मला पिळते तेव्हा जरा जास्तच जोर लावते, हे मी तुम्हाला खात्रीने सांगतो. आमचं दोघांचंही विसरून झालेलं नाही.

तुम्ही हे वाचताय तर माझं एक ऐका. बाळाच्या रंगाची शंका आली तर त्याला मोकळ्या उजेडात न्या, डॉक्टरांकडे न्या, आणि फोनमधल्या ज्या बाईला तुम्ही कधी पाहिलं नाही तिच्या सांगण्यावरून त्याच्या तोंडचा घास काढू नका. हे तुमचा मित्र सांगत नाही. ज्याला तुमचं वाईट व्हायला हवं होतं तोच सांगतोय, म्हणून तरी खरं माना. आणि घरातल्या जुन्या वस्तूवर कात्री चालवण्याआधी तिचा भाऊ शेजारी लटकलेला नाही ना, एवढं बघा.

परवाची गोष्ट. मला नळाखाली स्वच्छ धुऊन गॅलरीत बादलीच्या काठावर वाळत घातलं होतं. शेजारी नवऱ्याचा जुना बनियन, तो आता धूळ पुसतो. आम्ही दोघं नेहमी असे शेजारी असतो. तो मनाने आळशी आहे आणि माझी गाऱ्हाणी ऐकून घेतो. मी त्याला सांगत होतो की अजून माझ्यात धुगधुगी आहे, मी संधी शोधतोय.

आणि संधी रांगत आली. बबडू आता रांगतो. तो आला, बादलीला धरून उभा राहिला, माझं टोक ओढलं आणि थेट तोंडात घातलं. चांगला चोखायला लागला. मी बनियनला म्हटलं, बघ आता! आता ती धावत येईल, फोन उचलेल, आणि लादीच्या फडक्यात कोणकोणते जंतू असतात ते वाचत बसेल. रोज वाचेल. झोप उडेल तिची.

ती धावत आली. मला पोराच्या तोंडातून खेचलं. फोन वॉशिंग मशीनवर होता, तिचा हात तिकडे गेला. मी वाट बघत होतो. हात फोनवर टेकला आणि तसाच थांबला. मग तिने बबडूला कडेवर घेतलं, कठड्याशी मोकळ्या उजेडात नेलं, त्याची हनुवटी धरून तोंडात बघितलं, बोटाने आतून पुसलं, चूळभर पाणी फिरवलं आणि त्याच्याकडे बघत बसली. तो खिदळला. तिने बादली उचलून उंच स्टुलावर ठेवली आणि त्याला घेऊन आत गेली. फोन मशीनवरच राहिला.

मी पाणी गाळत लटकलो होतो. बनियनने जांभई दिल्यासारखं केलं आणि म्हणाला, "संपलं रे तुझं. आता गुमान वाळ."